घरची चादर

४ एप्रिल

मावशी,

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन कच्चं आहे, आठवीनंतर वहीला हात लावला नाही. त्यात हा दादाचा जुना मोबाइल, एक अक्षर दाबलं की शेजारचंही उमटतं. इथपर्यंत यायला माझा चहा थंड झाला. फोन का नाही केलास असं विचारू नकोस. फोनवर माझा आवाजच निघत नाही, समोरचा हॅलो हॅलो करून ठेवून देतो. घरात मला घुमी म्हणतात ते उगाच नाही.

तू मला बघितलंस तेव्हा मी सहा वर्षांची होते म्हणे. तू आईची मामेबहीण. दादा म्हणाला, तिने अख्खं आयुष्य जनावरांच्या दवाखान्यात काढलंय, तिलाच विचार. स्वतः विचारायचं तर म्हणतो, माझे हात ओले आहेत. त्याचे हात कायमच ओले असतात, लॉन्ड्री आहे आमची.

झालं काय, परवा दादाच्या कमरेवर काळा तीळ दिसला. वहिनी म्हणाली, हा तुला कधी आला? दादा म्हणाला, असेल जन्मापासून. वहिनी म्हणाली, लग्नाला सात वर्षं झाली, मला तुझे तीळ पाठ आहेत. तेवढ्यात तिळाने पाय हलवले. वहिनी खुर्चीवर चढली ती उतरेना.

गोचीड होती. मग आमचा कुत्रा जमादार, तो अंगणाच्या फाटकाशी पडलेला असतो, त्याच्या कानात बघितलं तर अकरा. अंगणाच्या पलीकडे मोकळा प्लॉट आहे, गवत माझ्या कमरेपर्यंत. आमच्या सगळ्या दोऱ्या अंगणात, लॉजच्या चादरी दिवसभर तिथेच वाळतात. आणि भिंगरी, दादाची मुलगी, पाच वर्षांची, दिवसभर त्या चादरींच्या मधून पळत असते. वहिनीने आजपासून तिला अंगणबंदी केली. भिंगरी खिडकीच्या गजांना धरून उभी आहे, तुरुंगातल्यासारखी.

काय करायचं ते लवकर सांग. वहिनीला झोप नाही.

तुझी,
घुमी


५ एप्रिल

घुमे,

शुद्धलेखनाचं मनावर घेऊ नकोस. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी एकालाही लिहिता येत नाही, तरी मला त्यांचं सगळं कळतं. आणि मी फोन केला होता गं, दोनदा. उचललास आणि नुसता श्वास घेतलास. पुढच्या वेळी निदान खोक तरी.

वहिनीला सांग, खुर्चीवरून खाली ये. गोचीड उडत नाही की उडी मारत नाही. गवताच्या टोकावर पुढचे पाय पसरून बसते, रस्त्यात गाडीला हात दाखवणाऱ्यासारखी. कुणी घासून गेलं की चढली. म्हणजे तिला वाहन द्यायचं नाही, एवढंच आपलं काम.

गवत कापून टाका, घोट्याच्या खाली. तुमच्या हद्दीतलं नसलं तरी चार हात आत शिरून कापा, मालक आलाच तर जमादारला पुढे करा. पालापाचोळा, जुनी लाकडं, फुटक्या बादल्या, सगळं हलवा. मग गवत आणि दोऱ्या यांच्यामध्ये तीन फुटांचा खडीचा पट्टा टाका. कोरड्या, तापलेल्या खडीवर ती चालत नाही. कुत्र्याचं औषध मी पार्सलने पाठवते. ते फक्त कुत्र्याला. माणसाला नाही, अंगणाला नाही. दादाला मोठ्याने वाचून दाखव, कारण पुरुषांना असली औषधं सगळीकडे शिंपडायची फार हौस.

काढायची कशी, तर बारीक चिमट्याने, कातडीला लागून धरायची आणि सरळ वर ओढायची. रॉकेल नाही, पेटती काडी नाही, पिळायची नाही. बाहेरून आलेल्या प्रत्येकाला रोज संध्याकाळी तपासा. कानामागे, काखेत, गुडघ्यामागे, बेंबीत, केसांत.

अंगणात अजून आहेत का बघायचं तर सोपी युक्ती आहे. एक मोठी पांढरी चादर गवतावरून हळूहळू ओढत न्यायची. गोचिडी तिला जनावर समजून धरतात. पांढऱ्यावर काळं दिसतं, मोजून घ्यायचं. मात्र एक लक्षात ठेव. काम झालं की चादर थेट उकळत्या पाण्यात. गार पाण्याने ती मरत नाही, दोन दोन दिवस बुडून राहते आणि बाहेर आली की चालू लागते. तुमच्याकडे तर भट्टी आहे, तुम्हाला काय कठीण.

मावशी


९ एप्रिल

मावशी,

सगळं केलं. दादा आणि मी दोन दिवस गवत कापत होतो. प्लॉटचा मालक आला नाही, त्याची म्हैस आली. तिने उरलेलं खाल्लं. खडी शेजारच्या बांधकामावरून आणली, मुकादम म्हणाला न्या, पण पोत्याला भोक होतं, त्यामुळे रस्ताभर आमची खूण आहे. औषध मिळालं, जमादारला लावलं, तो आमच्यावर रुसलाय.

चादरही ओढली. सकाळी मी एकटीच होते, दादा लॉजवर कपडे द्यायला गेला होता आणि वहिनी दुकानात. सात सापडल्या. चार प्लॉटच्या कडेला, तीन कुंपणाच्या पत्र्यामागे. चिमट्याने उचलून बाटलीत घातल्या, झाकण लावलं. वहिनीला दाखवल्या तर ती म्हणाली, मोजल्यास तशा फेक, मला ओळख नको. चादर उकळली. तू म्हणालीस तशीच.

रोज संध्याकाळी तपासणी असते. मी दादाची पाठ बघते, वहिनी माझी बघते. भिंगरी म्हणते, माझी कुणी बघा. वहिनी म्हणते, तू कुठे जातेस, तुझी काय बघायची? खरंच आहे, पाच दिवस पोरीने उंबरा ओलांडला नाही. घरातच गोल गोल पळते, इस्त्रीच्या टेबलाखालून शिरते आणि गठ्ठ्यांवर चढते. नाव बरोबर ठेवलंय तिचं.

घुमी


१० एप्रिल

घुमे,

तुझ्यासारखी पोर माझ्या हाताखाली असती तर मी आतापर्यंत दोन वेळा सुट्टीवर गेले असते. सात म्हणजे फार नाहीत. आठवड्याने पुन्हा चादर ओढ, दोनवर आल्या की भिंगरीला सोडा. पण सकाळी दव असताना नको, उन्हं चढल्यावर.

इथे आज एक बाई मांजर घेऊन आली होती. म्हणाली, हे चार दिवस माझ्याशी बोलत नाही. आमचे डॉक्टर म्हणाले, आधी बोलायचं का? तुझी आठवण आली.

मावशी


१७ एप्रिल, सकाळी

मावशी,

भिंगरी पडली.

सकाळी उठून मोरीकडे निघाली आणि दारातच बसली. मी म्हटलं, ऊठ, नाटकं नकोत. ती हसत होती मावशी. तिला वाटलं पाय झोपलेत. मी काखेत धरून उभी केली तर पाय खाली लोंबले. ओल्या टॉवेलसारखे. मी पायाला चिमटा काढला तर म्हणाली, दुखतं, मग काय करू. दुखतं पण हलत नाही.

काल दिवसभर ती जरा आडवीतिडवी चालत होती. आम्ही हसलो. दादा म्हणाला, दारू प्यालीस का गं?

ताप नाही. त्याआधी कुठे पडली नव्हती, लागलं नव्हतं. दादा आणि वहिनी तिला घेऊन मोठ्या हॉस्पिटलात गेलेत. मला म्हणाले, लॉजच्या चादरी आज द्यायच्याच आहेत, तू दुकान बघ. मी दुकान बघतेय म्हणजे दारात उभी आहे. गिऱ्हाइकं येऊन काय काय म्हणतायत, मला ऐकूच येत नाही.

काय असेल गं हे?

घुमी


१७ एप्रिल, दुपारी

घुमे बाळा,

मी दोनदा वाचलं.

तुला खरं सांगते. असा कुत्रा माझ्या टेबलावर आला असता, मागचे पाय गेलेले, ताप नाही, लागलेलं नाही, तर मी दुसरं काही करायच्या आधी त्याच्या केसांत गोचीड शोधली असती. सगळ्या करत नाहीत, पण काही गोचिडींच्या लाळेत विष असतं. पाच सहा दिवस चिकटून राहिली की आधी पाय जातात, मग वर वर चढत जातं. माणसांच्या लेकरांनाही होतं असं मी ऐकलंय. गोचीड काढली की उठून बसतात.

पण भिंगरीचं ते नसणार. चार तारखेपासून ती अंगणात गेली नाही. तुम्ही घरातले रोज तपासून घेता. जमादारला औषध आहे. चादर तू उकळलीस. घरात यायला वाटच नाही. तेरा दिवसांपूर्वीची असती तर एव्हाना रक्त पिऊन गळून पडली असती. म्हणून मीच माझं म्हणणं मागे घेते. तुझ्या दादाला यातलं काही सांगू नकोस, आधीच त्याचं डोकं ठिकाणावर नसेल. मी कुत्र्यांची बाई, ते माणसांचे डॉक्टर. त्यांचं काम त्यांना करू दे.

काय म्हणाले ते मला लगेच कळव. अर्धी ओळ लिही, पण लिही.

मावशी


१७ एप्रिल, संध्याकाळी

घुमे,

तुझं काहीच आलं नाही. दादाचा फोन बंद लागतो. आत घेऊ देत नसतील. तू उचलत नाहीस.

नुसतं "ठीक" एवढं लिही.

मावशी


१८ एप्रिल, सकाळी सात

मावशी,

ठीक नाही. दादा आत्ता कपडे बदलायला आला होता. तिचे हात पण गेले. काल संध्याकाळी पेला धरता येत होता, आज नाही. आवाज बारीक झालाय, पाणी घशात अडकतं. डॉक्टर म्हणतात, श्वासाला त्रास व्हायला लागला तर नळी घालावी लागेल. पाठीतलं पाणी काढून तपासायला पाठवलंय. दादा हे सगळं भिंतीकडे बघून सांगत होता. मग तोंड धुतलं आणि गेला.

मावशी, मी चादर उकळली नव्हती.

काल दुपारी तुझं वाचलं तेव्हापासून मला माहीत आहे. तेव्हापासून मी नुसती बसून आहे. लिहायला घेतलं की पुसून टाकायचे.

ओढायला मोठी पांढरी चादर पाहिजे होती. दुकानात साठ चादरी होत्या, पण त्या लॉजच्या. गिऱ्हाइकाच्या कपड्याला घरच्या कामासाठी हात लावायचा नाही, हे दादाने मला पहिल्या दिवशी शिकवलं. घरची पांढरी मोठी एकच होती, भिंगरीच्या पलंगावरची. ती घेतली. काम झाल्यावर उकळायची तर भट्टी लॉजच्या मालासाठी लागलेली असते. घरचे कपडे आमच्याकडे सगळ्यांत शेवटी, उरलेल्या गार पाण्यात, हे आमचं कायमचं. एका चादरीसाठी भट्टी थांबव असं दादाला सांगायला पाहिजे होतं. कशाला म्हणून त्याने विचारलं असतं. वहिनीला कळलं असतं की मी भिंगरीची चादर गवतावरून फिरवली. मला तोंड उघडवेना. दोन्ही बाजू बघितल्या, सात उचलल्या होत्या, चादर पांढरीशुभ्र दिसत होती. गार पाण्यातून काढली, नीळ दिली, वाळवली. आणि पलंगावर घातली. तुला लिहिताना उकळली असं लिहिलं, कारण तू उकळ म्हणाली होतीस.

चादरीला कडेने चार बोटं रुंद दुमड आहे. तिच्या आत मी बघितलं नाही.

आणि अजून एक आहे. तिची वेणी मीच घालते. चार पाच दिवस ती डाव्या कानामागे फणी लावू देत नव्हती. दुखतं म्हणायची. मी म्हटलं, नको तर नको. वरवर विंचरून वेणी बांधली.

आता काय करू?


१८ एप्रिल, सात वाजून दहा मिनिटं

हे वाचतेयस तिथून ऊठ. दुकान उघडं राहिलं तरी चालेल. हॉस्पिटलात जा. मी दादाला फोन लावतेय, बंद आहे. हॉस्पिटलचा लागला तर मला तिसऱ्याच खोलीत जोडतात. म्हणजे तुलाच सांगायचं आहे, दुसरं कुणी नाही.

वेणी सोडायची. डावा कान आधी, मग मान, मग सगळं डोकं, बोटांनी, केस बाजूला करत. एक सापडली म्हणून थांबायचं नाही. डॉक्टरला सांग. नर्सला सांग. जो समोर येईल त्याला सांग. ऐकलं नाही तर पुन्हा सांग.

रड नंतर.


१९ एप्रिल

मावशी,

सापडली.

काल एवढंच लिहिणार होते, ते राहिलं. आता सगळं सांगते.

मी पळतच गेले. चपला वेगवेगळ्या घातल्या होत्या, ते तिथे जाऊन कळलं. फाटकावर रखवालदार म्हणाला, एका पेशंटजवळ दोघंच, दोघं आत आहेत. मी उभी राहिले. मला वाटलं आता तो जा म्हणेल आणि मी जाईन. मी अशीच आहे ना, कुणी जा म्हटलं की जाते. तो म्हणालाही. मी गेले नाही. तो तिसऱ्या माणसाशी बोलायला लागला तेव्हा त्याच्या मागून आत शिरले. तो ओरडला, मी वळून बघितलं नाही.

लहान मुलांचा वॉर्ड वरच्या मजल्यावर. बारा खाटा, भिंतीला हिरवा रंग. भिंगरी खिडकीजवळच्या खाटेवर. तिचे हात दोन्ही बाजूंना नीट ठेवलेले होते, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. डोळे तेवढे फिरत होते. मला बघितलं आणि तोंड हललं, आवाज नाही आला. वहिनी तिच्या उशाशी. दादा पायांशी, पाय चोळत होता. मोठ्या डॉक्टर आल्या होत्या, मागे पाच सहा शिकाऊ. त्या दादाला सांगत होत्या की नळीची तयारी करून ठेवतोय. मी सगळ्यांच्या मागे उभी होते. डॉक्टरांनी कागदावर सही केली आणि पुढच्या खाटेकडे निघाल्या.

मी त्यांची बाही धरली.

सगळे बघायला लागले. मावशी, मला वाटलं माझ्या घशात पण नळी घातलीय. मग मी म्हटलं,

"तिच्या केसांत गोचीड आहे."

डॉक्टर म्हणाल्या, काय? मी पुन्हा म्हटलं. या वेळी फार मोठ्याने आलं, शेवटच्या खाटेवरची बाई उठून बसली. एक शिकाऊ हसला. दादा म्हणाला, घुमे, काय हे, आता नको. डॉक्टरांनी कागद चाळला आणि म्हणाल्या की आम्ही विचारलं होतं, आईने सांगितलंय मुलगी दोन आठवडे घराबाहेर गेलेली नाही. वहिनीने मान हलवली.

मी म्हटलं, "ती नाही गेली. चादर गेली होती."

आणि सांगितलं. तुला लिहिलं तेवढं सगळं. मी वहिनीकडे बघितलं नाही. खाटेच्या लोखंडी दांड्याकडे बघून सांगितलं, त्याचा रंग तीन ठिकाणी उडालेला आहे.

डॉक्टरांनी कागद शिकाऊच्या हातात दिला आणि स्वतः वेणी सोडायला लागल्या. त्यांना गाठ सुटेना, मीच बांधली होती घट्ट. नर्सने हाताने बाजूला केलं त्यांना. म्हणाली, तुम्ही ऑपरेशनं करा, हे मला करू द्या. तिने डाव्या कानामागचे केस वर उचलले.

मावशी, वाटाण्याएवढी होती. राखाडी, फुगलेली, गुळगुळीत, जशी काही भिंगरीचीच होती, तिच्या अंगावर उगवलेली. दोन दिवस सगळे तिच्या पायांवर हातोडी मारत होते, पाठीत सुई घालत होते आणि ती वर आरामात बसली होती. हसला होता तो शिकाऊ पांढरा पडला. वहिनीच्या तोंडातून असा आवाज आला की तो मला पुन्हा कधी ऐकायला नको.

नर्सने चिमट्याने सरळ वर ओढली, तू सांगितलंस तशी. काचेच्या डबीत टाकली तर चालायला लागली. बाकी सगळं डोकं बघितलं, अंगही बघितलं. एकच होती.

मग सगळे वाट बघत बसलो. डॉक्टर दर अर्ध्या तासाने यायच्या, दुसऱ्या मजल्यांवरच्या डॉक्टरांनाही घेऊन यायच्या. डबीतली बघायला रांग लागली होती. नळी शेजारच्या टेबलावर काढून ठेवलेली होती, तिच्यावर कापड झाकलेलं. मी तिच्याकडेच बघत होते. दुपारी चारच्या सुमाराला भिंगरी म्हणाली, आत्या, नाक खाजतंय. सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली. मी खाजवायला गेले तर तिचा हात गादीवरून वर आला. नाकापर्यंत नाही पोचला. पण आला.

आज सकाळी तिने दादाला लाथ मारली. दादा वॉर्डाच्या बाहेर जाऊन जिन्यात बसला आणि मोठमोठ्याने रडला. नळी घेऊन गेले ते लोक.

वहिनी माझ्याशी बोललेली नाही.

घुमी


२० एप्रिल

घुमे,

तुझं पत्र मी दवाखान्यात वाचलं. हातात एका सशाचा पाय होता, तो तसाच धरून उभी राहिले. डॉक्टर म्हणाले, सोडा त्याला, घरी जायचंय त्याला.

तुला रागवायचं ठरवलं होतं. रागवते. तू मला खोटं लिहिलंस आणि मी ते धरून पुढचं सगळं रचलं. तू "उकळली नाही" असं लिहिलं असतंस तर सतरा तारखेला दुपारीच मी सांगितलं असतं, आणि त्या लेकराचे हात गेले नसते. हे तुला माहीत आहे, तरी मी लिहिते, कारण हे कुणीतरी तुला तोंडावर सांगायलाच पाहिजे. नाही तर तू एकटीच ते स्वतःला सांगत बसशील आणि त्याचा कधी शेवट होणार नाही.

आता माझं ऐक. माझ्या मनात पहिल्यांदा गोचीडच आली होती. एकवीस वर्षांचा अनुभव सांगत होता, बघ म्हणून सांग. बघायला काय लागतं, एक फणी. पण मी घरबसल्या हिशेब जुळवला, वाट नाही, म्हणजे गोचीड नाही. वर तुला सांगितलं, दादाला बोलू नकोस. समोर कुत्रा असता तर मी मालकाच्या शब्दावर कधी विसंबले नसते. मालक सगळे खोटं बोलतात, हे मी नव्या पोरांना शिकवते. तुझ्या बाबतीत विसरले. तेव्हा सगळं स्वतःच्या डोक्यावर घेऊ नकोस, त्यात माझा वाटा आहे आणि तो मी कुणाला देणार नाही.

पलंग, गाद्या, उशा, पडदे, सगळं तापवून घ्या. खाटेच्या फटींमध्ये बघा. वहिनीचं वहिनीवर सोड. तिला घाई करू नकोस.

मावशी


२६ एप्रिल

मावशी,

भिंगरी परवा घरी आली. पहिल्या दिवशी भिंतीला धरून चालली, काल भिंत सोडली. डॉक्टर म्हणाल्या, काही मागे राहणार नाही. डबी त्यांनी ठेवून घेतली, शिकाऊंना दाखवायला. भिंगरीला पाहिजे होती, तिचं म्हणणं, माझं रक्त आहे त्यात.

तू सांगितलंस ते सगळं केलं. दादाने एक अख्खा दिवस भट्टी फक्त घरासाठी लावली. लॉजचा माणूस आला तर त्याला म्हणाला, उद्या या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी दादाला गिऱ्हाइकाला उद्या या म्हणताना ऐकलं. ती चादर त्याने उकळली नाही. जाळली. सगळे बघत उभे होतो.

आता वहिनीचं सांगते. आठवडाभर तिने माझ्यापुढे ताट ठेवलं, कपडे दिले, पण बोलली नाही. मी दादाला म्हटलं, मला पाठवून दे, मावशीकडे राहीन. त्याने ओल्या हातांनी माझं डोकं धरलं फक्त.

काल भिंगरीची वेणी घालायची वेळ झाली. मी बाजूला झाले, मला वाटलं वहिनीच घालेल. वहिनीने फणी घेतली, भिंगरीला पुढ्यात बसवलं, केस सोडले. मग तशीच बसून राहिली. फणी लावायची, पण कानाजवळ आली की थांबायची. भिंगरी म्हणाली, आई, घाल ना.

वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक दिवस आधी तोंड उघडायला काय झालं होतं तुला?"

मी म्हटलं, भीती वाटली. दुसरं काही नव्हतंच सांगायला.

ती म्हणाली, "कुणाची? माझी?"

मी हो म्हटलं. मला वाटलं आता ती फणी फेकून मारेल. तिने माझ्या हातात फणी दिली आणि म्हणाली, तू घाल, मला बघवत नाही. मी घातली. डाव्या कानामागची जागा अजून लाल आहे, खपली धरलीय. मी सगळे केस बाजूला करून बघितले, एकेक. वहिनी तिथेच बसली होती, माझ्या हाताकडे बघत. मधेच म्हणाली, तिकडे पण बघ. मी तिकडे पण बघितलं. त्यापेक्षा जास्त काही झालं नाही. तुला वाटेल मिटलं. मिटलेलं नाही. पण आज सकाळी तिने मला हाक मारली, आणि मी नेहमीसारखी नुसती मान न हलवता ओ दिली, मोठ्याने, दुकानापर्यंत ऐकू गेली.

बाकी ठीक. आणि हो, आमच्या समोरच्या न्हाव्याने लग्न केलं. कुणालाच माहीत नव्हतं. दुकानावर पाटी लावलीय, चार दिवस बंद, कारण लग्न. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, माझंच.

घुमी